एकापासून किती? साथीचे गणित आणि आपली वस्ती



पावसाळा सरत आला की वस्तीत कोणाच्या तरी घरी ताप येतो. आठ-पंधरा दिवसांत तो शेजारच्या दोन घरांत जातो. मग नळावर आणि टँकरच्या रांगेत एकच प्रश्न असतो: आता हे किती पसरणार? कोणी म्हणते हवा बिघडली, कोणी म्हणते नशिबाचा भाग. टीव्हीवर मात्र एखादा तज्ज्ञ डोंगरासारखी रेघ दाखवून सांगतो की अमुक महिन्यात साथ वर जाईल आणि तमुक महिन्यात उतरेल. हे त्याला कसे कळते? तो भविष्य सांगतो की गणित मांडतो?

या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही त्या गणिताबद्दल सांगणार आहोत. गुणाकार येणाऱ्या कोणालाही ते समजते. ते समजून घेण्याचे कारणही आहे. फवारणी कुठे करायची, लस किती मागवायची, पाणी कोणत्या भागाला आधी द्यायचे, हे निर्णय आता आकडे पाहून होतात. त्या आकड्यांत म्हसवडची आपली वस्ती धरली आहे की नाही, हे विचारायचे असेल तर आधी गणित कळले पाहिजे.

मॉडेल म्हणजे काय?

घर बांधण्याआधी गवंडी जमिनीवर फक्कीने आखणी करतो. ती आखणी म्हणजे घर नव्हे. तिला भिंती नाहीत, छप्पर नाही. पण खोली केवढी होईल, दार कुठे येईल हे तिच्यावरून कळते आणि चूक असेल तर वीट लावण्याआधीच सुधारता येते. गणिती मॉडेल हे असेच असते. खऱ्या जगातल्या शंभर गोष्टींपैकी महत्त्वाच्या दोन-चार निवडायच्या, त्यांचा एकमेकींशी संबंध आकड्यांत मांडायचा आणि पुढे काय होईल ते पाहायचे.

साथीच्या मॉडेलमधली सर्वांत महत्त्वाची गोष्ट एकच आहे. एका रोग्यापासून सरासरी किती नव्या लोकांना रोग होतो? हा आकडा एकापेक्षा जास्त असेल तर साथ वाढते, एकापेक्षा कमी असेल तर विझते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ असे चालले तर पाच फेऱ्यांत एकाचे बत्तीस होतात. उलट सोळा जण आजारी असले आणि प्रत्येक दोघांमागे एकालाच नवी लागण झाली, तर सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन होत साथ संपते. म्हणजे लढाई रोगाला शून्यावर आणण्याची नाही, आकडा एकाच्या खाली आणण्याची आहे.

हरभऱ्याचा खेळ

रविवारी विहारात मुले जमली की हा खेळ खेळून पाहा. शंभर हरभरे घ्या. ही शंभर माणसांची वस्ती. त्यांचे तीन ढीग करायचे आहेत: ज्यांना अजून रोग झालेला नाही ते, आत्ता आजारी आहेत ते, आणि बरे झालेले. सुरुवातीला पहिल्या ढिगात ९९, दुसऱ्यात १ आणि तिसऱ्यात एकही नाही.

नियम असा. प्रत्येक आजारी माणूस एका फेरीत दोघांपर्यंत रोग पोचवतो. पण त्या दोघांपैकी ज्याला रोग आधीच होऊन गेला, त्याला तो पुन्हा होत नाही. म्हणून आजाऱ्यांच्या संख्येला दोनने गुणायचे आणि शंभरातले जेवढे अजून पहिल्या ढिगात आहेत तेवढे टक्के धरायचे. फेरी संपली की जुने आजारी तिसऱ्या ढिगात जातात.

आम्ही हे करून पाहिले. प्रत्येक फेरीत आजारी पडणारे असे आले: १, २, ४, ७, १२, १८, २०, १४, ६, २, १ आणि मग शून्य. उदाहरणार्थ, १८ जण आजारी होते तेव्हा पहिल्या ढिगात ५६ उरले होते. अठरा दुणे छत्तीस, छत्तिसाचे ५६ टक्के म्हणजे साधारण २०.

यातून तीन गोष्टी दिसतात. पहिली, सुरुवातीला साथ फसवी असते. १, २, ४ पाहून कोणी घाबरत नाही, आणि पुढच्या तीन-चार फेऱ्यांत दवाखाना भरतो. दुसरी, साथ एका टप्प्यावर आपोआप उतरते, कारण आजारी माणसाला भेटणाऱ्यांपैकी बरेच जण आधीच आजारी पडून गेलेले असतात. अंगाऱ्याने किंवा गंड्याने ती उतरत नाही, पण उतरतीच्या वेळी ज्याने गंडा बांधला त्याला श्रेय मिळते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. "आपोआप उतरेल" म्हणून वाट पाहिली तर तोपर्यंत शंभरातले ८७ जण आजारी पडून गेलेले असतात. फक्त १३ वाचतात.

आता खेळ बदला. सुरुवातीलाच ६० हरभरे लस घेतलेले म्हणून तिसऱ्या ढिगात ठेवा. पहिल्या रोग्याला भेटणाऱ्या दोघांपैकी निम्म्याहून जास्त आधीच सुरक्षित आहेत. आकडा एकाच्या खाली गेला. साथ पेटतच नाही, आणि लस न मिळालेले उरलेलेही बहुतेक वाचतात.

गोवराला पंचाण्णव टक्केच का?

गोवराचा हा आकडा फार मोठा आहे. कोणालाच संरक्षण नसेल तर गोवराचा एक रुग्ण साधारण १२ ते १८ जणांना रोग देतो. मधला १५ धरा. पंधरापैकी चौदा जण सुरक्षित असतील तरच एकाचा एक होईल. पंधरापैकी चौदा म्हणजे ९३ टक्के. म्हणून आरोग्य खाते ९५ टक्के मुलांना लस मिळालीच पाहिजे म्हणते. त्या हट्टामागे हा साधा भागाकार आहे.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवराची साथ आली आणि मुले दगावली. कोरोनाच्या काळात अनेक बाळांच्या लसी राहून गेल्या होत्या. तालुक्याचा किंवा शहराचा आकडा ९० टक्के दिसत असला तरी राहिलेली मुले सगळीकडे सारखी विखुरलेली नसतात. ती एकाच वस्तीत, एकाच गल्लीत, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या घरांत सापडतात. रोगाला तेवढी गल्ली पुरते. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असते. बाळाचे कार्ड आज काढून पाहा. तारीख गेली असली तरी आशाताईंना विचारा. राहिलेली लस नंतरही देतात.

मुंबईच्या प्लेगने जगाला दिलेले गणित

तीन ढिगांचा हा हिशोब जगभर ज्या लेखामुळे प्रसिद्ध झाला, त्यातले आकडे आपल्या मुंबईचे होते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये पुण्यात पसरला. पुण्याजवळ डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तिथे आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले. त्याच सेवेत त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुढच्या काही दशकांत प्लेगने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

मुंबईत प्लेगच्या मृत्यूंची दर आठवड्याला नोंद होत होती. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातल्या नोंदी केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन शास्त्रज्ञांनी पुढे तपासल्या. मॅकेंड्रिक यांनी हिंदुस्थानात सरकारी वैद्यकीय सेवेत काम केले होते. केरमॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली होती, तरी ते मनात गणित मांडत. १९२७ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी खुले केले त्याच वर्षी, त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यांच्या सूत्रातून निघालेली रेघ आणि मुंबईचे खरे आकडे जवळजवळ एकमेकांवर बसले. चढ, शिखरावर आठवड्याला सुमारे ९०० मृत्यू, मग उतार. आपल्या हरभऱ्यांचा चढउतार पुन्हा पाहा, आकार तोच आहे.

पण इथेच सावध व्हायला हवे. प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाला होत नाही. तो उंदरांचा रोग आहे आणि उंदरांवरच्या पिसवा तो माणसाला देतात. पिसवांचा हा वाटा सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवला होता. केरमॅक-मॅकेंड्रिक यांनाही हे माहीत होते. खरी साथ उंदरांत असते आणि माणसांतली साथ तिचे प्रतिबिंब आहे, असे त्यांनी धरले. मात्र ऋतूचा परिणाम त्यांच्या गणितात नव्हता. मुंबईचा प्लेग वर्षामागून वर्ष ठरावीक महिन्यांतच वर जाई आणि कडक उन्हाळ्यानंतर उतरे, कारण पिसवांना हवामान लागते. म्हणजे रेघ जुळली, पण तेवढ्यावरून कारण पूर्ण कळले असे झाले नाही.

आकडे जुळले म्हणून मॉडेल खरे मानू नये. त्यात काय धरले आहे आणि काय सोडले आहे, हे विचारावे. पुण्यात १८९७ साली सरकारने घराघरांत सोजीर घुसवले, सामान जाळले, माणसांना ओढून नेले, आणि उंदीर मात्र फिरत राहिले. चुकीचे कारण धरून आखलेल्या उपायाचा मार नेहमी गरिबाच्या घरावर पडतो.

सरासरीत हरवलेली वस्ती

हरभऱ्याच्या खेळातही आम्ही एक मोठी गोष्ट सोडली होती, तुमच्या लक्षात आली का? आम्ही धरले की शंभरही जण एकमेकांना सारखेच भेटतात. खऱ्या गावात तसे होत नाही. बंगल्यातल्या माणसाचा संडास त्याचा स्वतःचा असतो, आपल्याकडे चार-चार घरांचा एक असतो. कोणी घरी बसून काम करतो, कोणाला रोज बाजारात बसावेच लागते.

जुलै २०२० मध्ये मुंबई महानगरपालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मुंबईच्या तीन विभागांत लोकांचे रक्त तपासले. कोरोना होऊन गेल्याची खूण झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांत सापडली आणि बाकीच्या वस्तीत १६ टक्के लोकांत. शहर एक, रोग एक, सरकारी नियमही एकच. तरी एका बाजूला दर शंभरांत ५७ आणि दुसऱ्या बाजूला १६. दोन्ही मिळवून एक सरासरी काढली तर ती दोघांचीही खरी नसते. हा दोष वस्तीतल्या माणसांचा नाही. जागा, पाणी आणि संडास यांची वाटणी जशी झाली तसा रोग वाटला गेला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने गणित मांडून सांगितले की काळजी घेत राहिलो तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ आटोक्यात येऊ शकेल. प्रत्यक्षात फेब्रुवारीतच महाराष्ट्रात दुसरी लाट उठली. विषाणू बदलला, माणसांचे वागणे बदलले, पण हिशोब जुन्याच गृहीतावर उभा होता. म्हणून गणित टाकून द्यायचे का? नाही. गृहीत बदलले की हिशोब पुन्हा करायचा.

डासांचे गणित आणि माणदेशचे पाणी

आता आपल्या दाराशी येऊ. डास मलेरिया पसरवतो हे डॉ. रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला शोधले. पुढे त्यांनी त्याचे गणितही मांडले. तेव्हा लोक म्हणत, सगळे डास मारणे शक्य नाही, मग खटाटोप कशाला? रॉस यांनी दाखवले की सगळे मारावे लागत नाहीत. डास एका मर्यादेखाली आणले की रोग स्वतःच विझतो.

यात एक खुबी आहे. रोग पसरायला डासाला दोनदा चावावे लागते: एकदा आजारी माणसाला, आणि काही दिवसांनी निरोगी माणसाला. म्हणून चावे कमी केले तर फायदा दोनदा होतो. समजा आकडा ४ आहे. डास निम्मे केले तर तो २ होतो. त्याशिवाय उरलेल्या डासांचे चावे निम्मे केले तर निम्म्याचे निम्मे, म्हणजे २ चा अर्धा होतो. साथ विझू लागली. दोन्ही उपाय अर्धेच झाले होते, तरी पुरले.

डेंग्यूलाही हे लागू आहे. त्याचा डास दिवसा चावतो, अंगावर पांढरे पट्टे असतात आणि तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून माणसारख्या दुष्काळी तालुक्यात डेंग्यू होतो, हे ऐकून नवल वाटू नये. पाऊस कमी म्हणून डास कमी, असे होत नाही. पाणी रोज येत नाही म्हणून आपण बॅरल, रांजण, हौद भरून ठेवतो आणि डासाला घर मिळते.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा, सर्व भांडी रिकामी करा, असे सांगतात. गणित बरोबर आहे. पण ज्या घरी टँकरचे पाणीच दहा दिवसांनी येते, त्याने सातव्या दिवशी बॅरल कसे ओतावे? या सल्ल्यात आपल्या घरातला पाण्याचा हिशोब धरलेलाच नाही. पाण्यासाठी आपल्या माणसांनी काय सोसले हे सातारा जिल्ह्याला सांगावे लागत नाही. शेजारच्या खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर असलेल्या वडिलांना भेटायला निघालेल्या लहान भीमरावाला वाटेत कोणी पाणी दिले नव्हते.

म्हणून आपल्या परिस्थितीला धरून उपाय करू.

पाणी ओतता येत नसेल तर झाका. बॅरलच्या तोंडावर जुन्या सुती साडीचे दुहेरी फडके ताणून दोरीने घट्ट बांधा. नुसते वर ठेवलेले पत्र्याचे झाकण पुरत नाही, फटीतून डास आत जातो.

एका वेळी एकच बॅरल वापरून पूर्ण संपवा, मग दुसरे उघडा. रिकामे झाले की आतली कडा काथ्याने घासा आणि उन्हात वाळवा. डासाची अंडी पाण्याच्या वर भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही काही महिने जिवंत राहतात. नुसते विसळून ती जात नाहीत.

मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा. ते अळ्या खातात. मासे आणि अळीनाशक यांबद्दल आरोग्य सेवकांना विचारा. छपरावरचे टायर, फुटकी मडकी आणि करवंट्या उचला. मुलांना दिवसाही पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. घरात कोणी तापाने झोपले असेल तर त्याला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, म्हणजे डासाचा पहिला चावा चुकतो.

ताप आल्यास पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांनी डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरला म्हणजे धोका टळला असे नाही, त्या एक-दोन दिवसांतच जपावे लागते. पोटात फार दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, फार सुस्ती, हातपाय गार पडणे, यांपैकी एकही दिसले तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या.

विहारातली वही

शेवटची गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त कामाची. विहारात एक वही ठेवा. महिला मंडळातल्या दोघींनी दर रविवारी तीन गोष्टी लिहायच्या: या आठवड्यात तापाचे नवे रुग्ण किती, कोणत्या गल्लीत, आणि त्या गल्लीला पाणी किती दिवसांनी आले. रुग्णाचे नाव लिहू नका. आजार हा गुन्हा नाही आणि कोणाच्या दारावर खूण करायची नाही.

मागच्या रविवारी चार होते, या रविवारी सहा आले, तर साथ चढते आहे. सलग दोन आठवडे चढली तर वही घेऊन आशाताई, सरकारी दवाखाना आणि नगरपरिषद, तिन्हीकडे जा. "आमच्याकडे फार ताप आहे हो" या वाक्याला उत्तर मिळते, "बघू". पण "चार, सहा, नऊ, आणि याच गल्लीला पाणी दहा दिवसांनी येते" असे लिहून दिले तर ते वाक्य सरकारी हिशोबात धरावेच लागते. ज्यांची नोंद नाही ते कोणाच्याही मॉडेलमध्ये नसतात.

बुद्धांनी कालामांना सांगितले होते की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा कोणी मोठा बोलला म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. हे टीव्हीवरच्या रेघेलाही लागू आहे आणि या पानालाही. कारण असेल तर कार्य होते, कारण काढले की कार्य थांबते, हा तर धम्माचाच हिशोब आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर हरभऱ्याचा खेळ मांडा, वहीचे पहिले पान लिहा आणि बाळाचे लसीचे कार्ड बरोबर न्यायला विसरू नका.

भवतु सब्ब मंगलं.